आजोबांचं पुस्तक आणि बाकीची चार

औषधाच्या दुकानात तिला सगळे 'बाई' म्हणायचे. मालक म्हणायचे, गिऱ्हाइकं म्हणायची, औषधांची खोकी आणून टाकणारा टेम्पोवालाही म्हणायचा. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर घरची शाळा भरायला लागली, तेव्हा थोरलीने पहिल्याच दिवशी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आता तुला आई म्हणायचं की बाई?"

"आई म्हण. बाई ऐकून कान किटलेत माझे."

थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहा. नवरा एका मोठ्या बांधकामावर क्रेन चालवायचा. पहाटे सहाला बाहेर पडायचा, तीनला घरी यायचा. बाईंचं दुकान चार ते आठ. म्हणजे सकाळ तिची, संध्याकाळ त्याची, आणि मधला एक तास दोघांनी एकमेकांना "गॅस बंद केलास का" एवढं विचारण्याचा. मुलांना घरी शिकवायचं असं काही त्यांनी लग्नात ठरवलं नव्हतं. वेळच तशी आली.

थोरली वाचायला वाघ होती. हातात येईल ते वाचायची, औषधाच्या खोक्यातली ती दहा घड्यांची बारीक अक्षरांची पत्रकंसुद्धा. पण लिहायला बसली की ऱ्हस्व-दीर्घाची नुसती खिचडी. शाळेतल्या शिक्षिकेने त्यावर एक उपाय काढला होता. दर शुक्रवारी फळ्यावर 'आठवड्याच्या चुका' लिहायच्या, प्रत्येक चुकीपुढे तिच्या मालकाचं नाव. निम्मा फळा थोरलीचा असायचा. वर्ग हसायचा. मग थोरलीचं अक्षर लहान होऊ लागलं. आधी मुगाएवढं, मग मोहरीएवढं, शेवटी मुंगीच्या पायाएवढं. आई म्हणाली, "अगं, हे दिसत नाही." थोरली म्हणाली, "म्हणूनच."

बाई शाळेत जाऊन भांडल्या. शिक्षिका शांतपणे म्हणाली, "नाव घेतल्याशिवाय मुलं सुधारत नाहीत हो." त्या महिन्याच्या शेवटी थोरलीचं दप्तर कायमचं घरी आलं. ते बघून धाकट्यानेही जमिनीवर लोळण घेतली आणि त्याचंही आलं.

गणित, परिसर, वाचन, सगळं ठीक चाललं. अडलं ते शुद्धलेखनापाशी. बाईंना हवं होतं फक्त एक सरावाचं पुस्तक. रोज एक पान करायचं, मिटून ठेवायचं, एवढंच. असं पुस्तक मिळायला काय कठीण आहे, असं त्यांना वाटलं होतं.

पहिलं पुस्तक गुळगुळीत, रंगीत, चौकातल्या दुकानदाराने "सगळे हेच नेतात" म्हणून हातात ठेवलेलं. चित्र बघायचं आणि खालच्या चौकटींत शब्द लिहायचा. एका चित्रात पक्षी होता. थोरलीने बघितलं, चिमणी ओळखली, आणि 'चिमणी' असं लिहिलं. अचूक लिहिलं, णी दीर्घ. पण चौकटी दोनच होत्या. उत्तर होतं 'पक्षी'. पुढच्या पानावर एक बाई काहीतरी ढवळत होती. थोरलीने 'आमटी', धाकट्याने 'रंग', बाईंनी 'खीर' असे तीन अंदाज केले. उत्तर होतं 'आजी'.

"आजी कशावरून?" धाकटा म्हणाला. "केस तर काळे आहेत."

बाईंनी पुस्तक मिटलं.

दुसरं पुस्तक नवऱ्याच्या साइटवरच्या सुपरवायझरने सुचवलेलं. त्यात प्रत्येक ओळीत चार शब्द आणि त्यातल्या बरोबर शब्दाला गोल करायचा. विहीर, विहिर, वीहीर, वीहिर. थोरलीला 'विहीर' येत होतं. पण ते चार एका रांगेत उभे बघितल्यावर ती पेन्सिल चावत बसली. "आई, आता सगळेच बरोबर वाटतात." बाई शेजारी बसून रोज ते चार-चार बघत होत्या. आठव्या दिवशी दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पाकिटावर 'जेवणापूर्वी' लिहायला त्यांनी पेन टेकवलं आणि पेन जागच्या जागी थांबलं. पूर्वी की पुर्वी? वीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा लिहिलेला शब्द! त्यांनी 'जेवणाआधी' असं लिहून वेळ मारून नेली. मालकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "काय बाई, आज भाषा बदलली?" त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी ते पुस्तक कपाटाच्या वर, हात पोहोचणार नाही अशा जागी टाकलं. थोरलीचा नव्हे, स्वतःचा हात.

तिसरं घरी शिकणाऱ्या मुलांसाठीच काढलेलं होतं, टपालाने मागवलं. जाडजूड पुडकं आलं. पालकांसाठी सूचना दीडशे पानं, मुलांसाठी सराव चाळीस. सुरुवातीलाच लिहिलं होतं, की पालकांनी पहिले चार आठवडे मुलांना काहीही लिहायला न देता फक्त त्यांचं निरीक्षण करावं आणि नोंदी ठेवाव्यात. बाईंनी दोन दिवस निरीक्षण केलं. थोरली खिडकीत बसून वाचत होती. धाकटा टेबलाखाली चपलांची आगगाडी करत होता. तिसऱ्या दिवशी धाकट्याने विचारलं, "तू आमच्याकडे अशी का बघतेस? आम्ही काय केलं?"

"डोकं फिरलंय माझं," बाई फोनवर नवऱ्याला म्हणाल्या. तो क्रेनच्या केबिनमध्ये, शंभर फूट वर. "एक धड पुस्तक नाही सापडत. एक!"

"अगं, पण अण्णांचं आहे ना घरात?" तो म्हणाला आणि मग जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

आहे ना. तीच तर खरी पंचाईत होती.

अण्णा म्हणजे बाईंचे वडील. चौतीस वर्षं मास्तरकी, त्यातली अकरा हेडमास्तर. निवृत्त झाल्यावर वर्षभर खपून त्यांनी शुद्धलेखनाचं पुस्तक लिहिलं आणि स्वतःच छापून घेतलं. राखाडी कव्हर, आत एकही चित्र नाही. शाळांना पाठवलं, शाळांनी आभाराची पत्रं पाठवली, आणि उरलेले गठ्ठे अण्णांच्या पलंगाखाली गेले. नातवंडं घरी शिकणार हे कळल्यावर अण्णा आधी महिनाभर बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांचं पार्सल आलं. पुस्तकाच्या चार प्रती. "दोघांना दोन, आणि खराब झाली तर दोन," असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. त्यानंतर दर रविवारी फोन. "कितवा धडा चाललाय?"

"तिसरा, अण्णा," बाई ठोकून द्यायच्या. पुढच्या रविवारी "चौथा." असं करत करत खोटेपणानेच पुस्तक अकराव्या धड्यापर्यंत नेलं होतं.

खरं म्हणजे त्यांनी पहिला धडा एकदा उघडला होता. नियम, मग अपवाद, मग अपवादाचे अपवाद, आणि मग लिहून काढायची वाक्यं. 'आळशी मुलगा विहिरीत पडला.' 'उनाड मुलीच्या हातून दुधाचे भांडे सांडले.' 'हयगय केल्याने गुरुजींनी त्यास पुनःपुन्हा लिहावयास लावले.' थोरलीने दोन वाक्यं लिहिली, तिसऱ्याला तिचं अक्षर पुन्हा मुंगीएवढं झालं. बाईंनी वही ओढून घेतली आणि मुलांना बागेत पाठवलं.

अशातच अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन बाईंच्याच गावातल्या दवाखान्यात करायचं ठरलं आणि अण्णा दहा दिवसांसाठी मुक्कामाला आले. काळा चष्मा, एक पिशवी, आणि पिशवीत पुस्तकाची पाचवी प्रत.

डॉक्टरांनी आठवडाभर वाचायचं नाही म्हणून बजावलं होतं. अण्णांना वाचायचं नाही म्हणजे माशाला पोहायचं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी थोरलीला बोलावलं. "ये, मला माझं पुस्तक वाचून दाखव. तुझीही उजळणी होईल. बारावा धडा ना?"

थोरलीने आईकडे बघितलं. बाई एकदम भांडी आवरू लागल्या.

पोर शहाणी. तिने काहीच न बोलता बारावा धडा काढला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. अण्णा डोळे मिटून मान डोलवत होते. 'आळशी' आणि 'उनाड' मुलांची रांग चालूच होती. कुणी झाडावरून पडत होतं, कुणाची पाटी फुटत होती. मधेच थोरली थांबली.

"आजोबा, तो पहिल्या धड्यातला मुलगा विहिरीत पडला ना, त्याला वर काढलं का कुणी?"

"कोण मुलगा?"

"आळशी."

"अगं, ते वाक्य आहे. इकार-उकार बघायचे त्यात. मुलगा नाही बघायचा."

"पण मला मुलगाच दिसतो."

अण्णांनी सुस्कारा टाकला. स्वयंपाकघरात बाईंनी हसू दाबलं, पण ते फार टिकलं नाही, कारण अण्णा म्हणाले, "उद्या हिचं लेखन घेतो."

ते लेखन टळलं, त्याला कारण थेंब. डोळ्यात दोन औषधं घालायची होती. पांढऱ्या झाकणाचं दिवसातून चार वेळा, गुलाबी झाकणाचं तीन वेळा, दोन्हींमध्ये दहा मिनिटांचं अंतर. बाई दुकानात असताना हे सांभाळायचं काम थोरलीने आपणहून घेतलं. आणि कुणी सांगितलेलं नसताना तिने एक मोठा कागद घेतला, त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि तक्ता केला. वर लिहिलं, 'आजोबांचे थेंब'. खाली 'सकाळि', 'दुपारि', 'संद्याकाळी', 'झोपताणा'. प्रत्येक वेळेपुढे छोट्या बाटलीचं चित्र, झाकण रंगवलेलं. सगळ्यात खाली, 'डोळा अजीबात चोळु नये'. हे सगळं चांगल्या ठसठशीत, बोराएवढ्या अक्षरात. फ्रिजवर तिने तो तक्ता चिकटवला आणि थेंब घातला की ती तिथे एक टिकली चिकटवायची.

बाईंनी तो तक्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा त्या सकाळी एकट्याच होत्या. त्यांचं बोट आपोआप 'सकाळि'वर गेलं. खोटं कशाला बोलायचं, पेन शोधायलाही त्या वळल्या होत्या. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेली बाई! एका अक्षराच्या फरकाने दोन वेगळी औषधं होतात, हे त्यांनी किती वेळा बघितलं होतं. एका आजारी बाळाच्या आईला त्यांनी भर गर्दीत रस्त्यावर धावत जाऊन गाठलं होतं आणि हातातली बाटली परत घेतली होती, ती एका अक्षरामुळेच. शुद्धलेखनाला त्या क्षुल्लक मानत नव्हत्या, उलट मनातून अण्णांपेक्षाही कडक होत्या. पण त्यांनी ते बोराएवढं अक्षर बघितलं, हात मागे घेतला आणि चहा टाकला.

चार दिवस तक्ता टिकल्यांनी भरत गेला. एकही थेंब चुकला नाही.

पाचव्या दिवशी बाई थोरलीला घेऊन भाजी आणायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा अण्णा काळा चष्मा कपाळावर चढवून फ्रिजसमोर खुर्ची घेऊन बसले होते. हातात लाल पेन. तक्त्यावर सहा लाल गोल, प्रत्येकाशेजारी बारीक सुबक अक्षरात शुद्ध रूप, आणि कोपऱ्यात, खाली रेघ मारून, 'दहापैकी चार. सुधारणा हवी.'

"बरं झालं आलीस," ते थोरलीला म्हणाले. "ये, समजावून सांगतो. हे बघ, संध्याकाळमध्ये ध ला य."

थोरलीने पिशवी खाली ठेवली. फ्रिजजवळ गेली. तक्ता हळूच, कोपरे फाटू न देता काढला, चार घड्या केल्या आणि खोलीत गेली. दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

"अण्णा, तुम्हाला वाचायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

"एका डोळ्याने वाचलं. डावा चांगला आहे."

"तो तक्ता तिने तुमच्यासाठी केला होता."

"म्हणून तर दुरुस्त केला. दुसऱ्याचा असता तर मला काय पडलंय?"

"त्या कागदामुळे तुमचा एक थेंब चुकला नाही!"

"थेंब बरोबर म्हणून इकार माफ?" अण्णा खरोखर गोंधळून म्हणाले. "अगं, तूच ना औषधं देतेस? आणि अकरा धडे झाल्यावर ही 'सकाळि' लिहिते? काय शिकवतेस तू?"

तिथे बाईंचा बांध फुटला. "एकही धडा झालेला नाही! तुमचं पुस्तक मी कपाटात ठेवलंय. दर रविवारी मी तुमच्याशी खोटं बोलते. ते पुस्तक उघडलं की माझी मुलगी लहान होते, अण्णा. तिचं अक्षर लहान होतं. मलाही ते नको, तिलाही नको. मला साधं, माणसाने लिहिलेलं पुस्तक हवंय. सहा महिने शोधतेय आणि सापडत नाही!"

टेबलाखालून धाकट्याचा आवाज आला, "आजोबा, गुलाबी थेंबांची वेळ झाली."

बाईंनीच थेंब घातले. दोन थेंब गालावर पडले.

पुढचे चार दिवस अवघडलेले गेले. थोरली वेळेवर थेंब घालायची, पण तक्ता पुन्हा लागला नाही. अण्णा तिच्याशी हवापाण्याचं बोलायचे. एकदा त्यांनी तिला कॅरम खेळतेस का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "आपल्याकडे कॅरम नाही." डॉक्टरांची शेवटची तपासणी झाली आणि बाई त्यांना बसवर सोडायला गेल्या. बस लागलेली होती, सुटायला वेळ होता. अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते.

"माणसाने लिहिलेलं नाही म्हणालीस," ते समोर बघत म्हणाले.

"अण्णा, रागात बोलले मी."

"तुझ्या वह्या होत्या माझ्याकडे. पहिलीपासून चौथीपर्यंतच्या. त्यांवरून केलं ते पुस्तक. धड्यांचा क्रम आहे ना, तो तुझ्या चुकांचा क्रम आहे. आधी विहीर चुकायचीस, मग दूध, मग गुरुजी. सरळ बसून कुणी ते पुस्तक करावं आणि शेवटी तू लिहितेस तसं शुद्ध लिहावं, एवढंच डोक्यात होतं."

बाईंना कळेना, रडावं, की त्यांच्या हातातली पिशवी घेऊन त्यांच्याच डोक्यात घालावी? म्हणजे तो आळशी मुलगा, ती उनाड मुलगी, झाडावरून पडलेली, दूध सांडणारी, ती सगळी मुलं म्हणजे त्या स्वतःच. आणि हा माणूस त्याला प्रेम समजत होता. बरं, ते नव्हतं असंही म्हणता येत नव्हतं.

"मग त्या सगळ्यांना विहिरीत कशाला ढकलायचं?" एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

अण्णांनी थोडा विचार केला. "विहीर शब्द यायला हवा होता," ते म्हणाले. कंडक्टरने घंटी मारली आणि ते चढले.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानाला जाण्याआधी बाजारातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या. विक्रेत्याला म्हणाल्या, "चित्रं नकोत, चुकीचे शब्द नकोत, पालकांना उपदेश नको, गुण नकोत. आणि त्यात कुणी पडायला नको."

विक्रेता खाली वाकला. तळाच्या कप्प्यातून त्याने धूळ झटकत एक पातळ पुस्तक काढलं. "हे आहे. पण हे कुणी नेत नाही बाई. काहीच नाही यात."

खरोखरच काही नव्हतं. एका पानावर आठ शब्द. शब्द बघा, हाताने झाका, शेजारी लिहा, हात काढा, स्वतःच ताडून बघा. बस. कागद पिवळट, शेवटची आठ पानं उलटी शिवलेली. बाईंनी उभ्या उभ्या तीन पानं बारकाईने तपासली. चूक सापडली नाही. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो थकवा. यासाठी सहा महिने?

थोरलीला पुस्तक आवडलं असं काही नाही. "कंटाळवाणं आहे," ती म्हणाली आणि रोज एक पान करू लागली. चूक झाली की ती स्वतःच बघायची, स्वतःच खोडायची, दुसऱ्या कुणाला कळायचंही नाही. दोन महिन्यांनी 'सकाळी' नीट आली. 'आणि'तला 'णि' मात्र अजूनही दीर्घच यायचा, रोज, न चुकता. बाई दात-ओठ खाऊन गप्प बसायच्या. काही दिवस जमायचं, काही दिवस "अगं आणि, आणि!" असं तोंडातून निघून जायचं आणि मग संध्याकाळभर स्वतःचाच राग यायचा.

अण्णांचा रविवारचा फोन महिनाभर आला नाही. आला तेव्हा त्यांनी आधी पावणेदोन मिनिटं उजव्या डोळ्याबद्दल सांगितलं. मग विचारलं, "शेवटी कुणाचं घेतलंस?"

बाईंनी सांगितलं.

"हं. त्यांचे अनुस्वार बरे असतात," अण्णा म्हणाले. "कितवं पान?"

"बत्तिसावं. खरं सांगतेय."

"विश्वास आहे," ते म्हणाले, पण जरा थांबून.

धाकट्याला मात्र ते पुस्तक चाललं नाही. तो शब्द झाकण्याऐवजी बोटांच्या फटीतून बघायचा आणि आठच्या आठ बरोबर आले म्हणून नाचायचा. त्याला चित्रं हवी होती. त्या रंगीत पुस्तकातली आजीसुद्धा चालली असती, पण ते पुस्तक बाईंनी कधीच रद्दीत घातलं होतं. शनिवारी त्या पुन्हा त्याच दुकानात, त्याच कप्प्यांसमोर उभ्या होत्या. शेजारी एक तरुण आई दोन पुस्तकं दोन हातांत धरून कधी इकडे, कधी तिकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही घेतलंय का यातलं कुठलं? चांगलं कोणतं आहे?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि आपल्याला एवढं सगळं माहीत असूनही या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"मुलाला बरोबर आणलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मीही नाही आणलं," बाई वैतागून म्हणाल्या, हातातलं पुस्तक परत कप्प्यात ठेवलं आणि धाकट्याला आणायला घरी निघाल्या.